सरांसाठी आणलेला मदरबोर्ड

मी आयुष्यात पुष्कळ कॉम्प्युटर जोडले. त्यातले बहुतेक केव्हाच भंगारात गेले असतील आणि त्याचं मला काही वाटत नाही. एक मात्र पाचूबंदरच्या एका घरात, खिडकीखालच्या टेबलावर, क्रोशाचं पांढरं कापड पांघरून वर्षानुवर्षं बसून होता. तो आठवला की आजही मी बोलता बोलता मध्येच गप्प होतो. बायकोला वाटतं, मी रागावलो. रागावलेला असतोच, पण तिच्यावर नाही.

साल नव्याण्णव. आम्ही वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहायचो. वडील मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी मुंबईत सरकारी कचेरीत. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आपटलो होतो आणि पुन्हा परीक्षेला बसण्याच्या नावाखाली घरात कॉम्प्युटर जोडून द्यायचा उद्योग काढला होता. हॉलमध्ये शोकेसच्या पुढ्यात कायम उघडे डबे, वायरी आणि स्क्रू पसरलेले. एक स्क्रू आईच्या टाचेत घुसला तेव्हा तिने माझा आणि त्या उद्योगाचा एकत्र उद्धार केला होता.

आम्ही तिघे होतो. एक आमच्याच बिल्डिंगमधला, एक नालासोपाऱ्याचा, आणि मी. तिघांनाही एकच वेड, ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे प्रोसेसर त्याच्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर वरच्या बाजूला त्या वेगाचा आकडा येतो. तो बघायला आम्ही एकमेकांच्या घरी जायचो, लोक नवी सून बघायला जातात तसे. नालासोपाऱ्याच्या मित्राने तीनशेचा प्रोसेसर घेऊन साडेचारशेवर नेला होता. माझ्याकडेही तोच प्रोसेसर होता, पण आकडा तीनशेच. त्यावरून मला हिणवायची एक संधी तो सोडत नसे, आणि मला ते झोंबायचं. बावीस वर्षांच्या माणसाला झोंबण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं असं नाही, पण मला तेच झोंबायचं.

त्याचं गुपित चिपसेटमध्ये होतं. हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. प्रोसेसर स्वतःच्या मनाने धावत नाही. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसवतात ती मुख्य पाटी, त्याला ठोके देतो आणि प्रोसेसर त्या ठोक्याच्या साडेचारपट धावतो. सहासष्टचा ठोका दिला की तीनशे, शंभरचा दिला की साडेचारशे. बोर्डावरचा चिपसेट हा या सगळ्या रहदारीचा मुकादम. त्याच्या हाताखालून सगळं जातं, हार्ड डिस्कसुद्धा. डिस्कला ठोक्याचा एक हिस्सा मिळतो आणि तो तेहेतीसच्या आसपास असावा लागतो. त्यावेळच्या बीएक्स नावाच्या चिपसेटला शंभराचा ठोका देता येत असे आणि डिस्कला त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे बरोबर तेहेतीस. साध्या, स्वस्त चिपसेटला फक्त निम्मा हिस्सा करता येई. सहासष्टचे निम्मे तेहेतीस, तेव्हा तोही ठीक. पण त्याच साध्या बोर्डाला कोणी त्र्याऐंशीच्या ठोक्यावर चढवलं, तर डिस्कच्या वाट्याला एक्केचाळीस-बेचाळीस येतात आणि ते तिला सोसत नाहीत. ती लगेच बंद पडत नाही. चालत राहते, आणि मधूनच चुकीचं लिहिते.

हे सगळं मला तेव्हा पाठ होतं. अडाणीपणाने काही झालं असं पुढे कुठेही मानू नये.

सर आमच्याकडे आले ते स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मी चिकटवलेला जाहिरातीचा कागद वाचून. सहावी-सातवीत मला मराठी शिकवायला तेच होते. वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरच्या कोळी ख्रिस्ती घरातले. त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघून इन्स्पेक्टर साहेबांनी वर्गात टोपी काढली होती म्हणे. माझं अक्षर बघून मात्र सर म्हणायचे, "हे तू लिहिलंयस की कोंबडी चालून गेली?" आता निवृत्त होऊन त्यांना सहा-सात वर्षं झाली होती. दारात उभे होते तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला होता, दुसऱ्याच्या मुलाला गर्दीत धरून ठेवावं तसा.

"कंपवात," ते म्हणाले. "पेन धरवत नाही. कॉम्प्युटरवर बोटाने दाबलं की अक्षर सरळ येतं ना?"

मी म्हटलं, "सर, प्रश्नच नाही."

त्यांना काय लिहायचं होतं ते मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. आतल्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ खाटेवर पडून असत. जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. साखरेने दोन्ही डोळे गेले होते आणि एक पायही. पण वसईपासून अर्नाळ्याच्या पुढेपर्यंतचा समुद्र त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता. कुठे जाळं टाकायचं, कुठे नाही, कुठे खाली चिखल आहे, कुठे खडक. आणि त्या जागा ओळखायच्या त्या किनाऱ्यावरच्या खुणांनी. माझ्यासमोर त्यांनी एक जागा सांगितली. अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या कोपऱ्याला जीवदानीच्या डोंगराचं टोक लागलं पाहिजे, आणि इकडे चर्चचा मनोरा दोन ताडांच्या मधून दिसला पाहिजे. मग खाली मऊ चिखल. तिथून जरासं उत्तरेला सरकलात की खडक, जाळं गेलंच म्हणून समजा.

"त्ये ताड आता नाय ऱ्हायले," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "पन लिवून ठेव. जागा तं हायच ना."

अशा शे-दीडशे जागा. त्यांच्या मुलांनी होड्या विकल्या होत्या, एक कुवेतला होता, एक बँकेत. विचारणारं कोणी नव्हतं. सरांनी ठरवलं होतं की भाऊ आहे तोवर सगळं उतरवून घ्यायचं. कागदावर प्रयत्न केला होता, ती वही त्यांनी मला दाखवली. पहिल्या पानावर थोडंफार वाचता येत होतं, चौथ्या पानावर नुसत्या रेघा. ज्या माणसाने मला काना सरळ काढायला शिकवलं त्याची ती रेघ बघून मला भडभडून आलं, हे खरं आहे. पुढे जे केलं तेही खरंच आहे.

मी त्यांना चिपसेट समजावून सांगितला. त्यांना गरज नव्हती, पण मला बोलायची हौस. ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे होडीला नुसतं मोठं इंजिन लावून उपयोग नाही, लाकडाने सोसलं पाहिजे." मी म्हटलं, अगदी बरोबर, म्हणूनच तुमच्यासाठी बीएक्सचा बोर्ड आणतो, तो सगळ्यात भरवशाचा. त्यांनी मान डोलावली. "तुला कळतं त्यातलं. तू आण." किंमतसुद्धा विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. दोन बोर्ड घ्यायचे होते, एक सरांसाठी, एक माझ्यासाठी. दोन-तीन महिन्यांपासून मलाही माझा बोर्ड बदलायचा होता. दुकानदार म्हणाला, बीएक्सचा एकच पीस आहे, पुढचा माल पंधरा दिवसांनी. दुसऱ्या चिपसेटचे हवे तेवढे होते. त्या दुसऱ्याचं नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. ज्या वेगासाठी तो बनवला होता त्या वेगावर तो जन्मभर इमानाने चालला असता.

मी दोन्ही घेतले. एक बीएक्स, एक साधा. परत येताना दोन्ही खोकी मांडीवर होती आणि वसई येईपर्यंत मी स्वतःला पटवत होतो. सरांना काय करायचंय, टायपिंग. टायपिंगला बीएक्स कशाला? साधा बोर्डही उत्तम चालेल. हे सगळं बरोबरच होतं. चूक एवढीच होती की मी त्यांना बीएक्स सांगितला होता, आणि आता तो मला हवा होता. पंधरा दिवस थांबलो असतो तरी चाललं असतं. सर तर महिनाभरही थांबले असते. पण त्या रविवारी नालासोपाऱ्याचा मित्र घरी येणार होता आणि त्याला मला साडेचारशेचा आकडा दाखवायचा होता.

दाखवला. तो म्हणाला, "चला, आलास माणसांत." मी दिवसभर हवेत होतो.

सरांचा कॉम्प्युटर जोडायला बसलो तेव्हा मात्र मनाला बोचणी लागली. आणि ती घालवण्यासाठी मी जे केलं त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नुसता साधा बोर्ड दिला असता तर एक खोटं बोललो एवढंच झालं असतं. पण मला वाटलं, आपण सरांचं काहीतरी काढून घेतलंय, तर थोडं परत द्यावं. त्या बोर्डावर, पुस्तिकेत न छापलेल्या एका जागी जम्पर लावला की ठोका त्र्याऐंशी होतो हे मला माहीत होतं. जम्पर म्हणजे बोर्डावरच्या दोन काट्यांवर बसणारं प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण. ते मी तिथे लावलं. पडद्यावर आकडा आला, तीनशे पंचाहत्तर. तीनशेच्या भावात सरांना पंचाहत्तर फुकट मिळाले, असा हिशोब मी मनात केला आणि हलका झालो. डिस्कचं काय होईल हा विचार आला होता. दोन दिवस चालवून बघितलं, काही झालं नाही. म्हटलं, चालतंय की.

गणपतीच्या सुमारास कॉम्प्युटर पाचूबंदरला पोचला. आंटींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्याच्यापुढे मेणबत्ती लावली, मला तळलेले बोंबील खायला घातले. सरांनी पडद्यावरचा आकडा वाचून विचारलं, "हा बीएक्स ना?"

मी म्हटलं, "हो सर."

मग चार महिने सर रोज बसले. मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायचे म्हणजे हात कमी हलायचा. एकाच बोटाने टाइप करायचे. एखादं अक्षर थरथरून तीनदा उमटलं तर दोनदा पुसायचे, आणि पुसलेलं कोणाला दिसत नाही याचाच त्यांना फार आनंद होता. सकाळी भावाच्या खाटेपाशी बसून एक किंवा दोन जागा ऐकायच्या, दुपारी त्या घालायच्या. मी मधूनमधून जायचो. नाताळाच्या आधी गेलो तेव्हा ऐंशीच्या वर जागा झाल्या होत्या. पडद्यावर सरळ, स्वच्छ, फळ्यावरच्या अक्षरासारखा मजकूर. सरांचा चेहरा बघून वाटलं की आपण आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं.

प्रतीसाठी मी त्यांना एक फ्लॉपी दिली होती. रोज संध्याकाळी त्याच फ्लॉपीवर नवी प्रत जुनीच्या जागी टाकायची, असं शिकवलं होतं. दुसरी फ्लॉपी द्यायचं सुचलं नाही.

जानेवारीत तक्रारी सुरू झाल्या. कॉम्प्युटर चालू करताना निळा पडदा येतो आणि डिस्क तपासत बसतो. त्या पडद्यावर इंग्रजीत लिहून येई की कॉम्प्युटर नीट बंद केला गेला नव्हता, म्हणून डिस्कमध्ये दोष असू शकतो, पुन्हा असं होऊ नये म्हणून कृपया नेहमी योग्य रीतीने बंद करावा. सर शिक्षक माणूस. ते त्यांनी कागदावर कसंबसं उतरवून, अर्थ लावून मला वाचून दाखवलं. "मी नीटच बंद करतो रे," ते म्हणाले. "पण हा म्हणतो, नाही करत."

मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं.  तेव्हाच कॅबिनेट उघडून ते टोपण काढलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण सर शेजारी बसले होते, त्यांनी विचारलं असतं, काय केलंस. म्हणून मी म्हणालो, लाइट जाते ना इकडे सारखी, त्यामुळे होतं. आठवड्याने पुन्हा बोलावलं तेव्हा खाऱ्या हवेवर ढकललं. त्या जानेवारीत सगळं जग वायटूके, म्हणजे दोन हजार साल लागताच कॉम्प्युटरच्या तारखा चुकण्याच्या घोळाबद्दल बोलत होतं, तर एकदा तेही सांगून बघितलं. सर प्रत्येक वेळी मान डोलवायचे. माझ्या वर्गात बसल्यासारखे.

आणि महिनाअखेरीला फाइल गेली. उघडतच नव्हती. हरप्रकारे उघडली तेव्हा पहिलं अर्धं पान मराठी आणि पुढे सगळे चौकोन, प्रश्नचिन्हं, कचरा. फ्लॉपीवरही तोच कचरा, कारण आदल्या संध्याकाळी सरांनी, मी शिकवल्याप्रमाणे, नेमाने, बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी टाकली होती. मी खूप खटपट केली. डिस्कवर सांडलेले तुकडे गोळा केले, त्यातून सात-आठ जागा मिळाल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. डोंगर होता तर मनोरा नव्हता. ऐंशीच्या वर जागा गेल्या.

सर माझ्या मागे उभे होते. मला त्यांच्या हाताचा आवाज ऐकू येत होता, शर्टाच्या बाहीवर घासणारा. ते वाकून पडद्यावरचे चौकोन बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या हाताने काही भलतंच दाबलं गेलं का?"

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "तसंच काहीतरी झालं असणार, सर. दोन-तीन बटणं एकदम दाबली गेली की होतं असं."

असं होत नाही. कुठलीही दोन-तीन बटणं दाबून असं होत नाही. हे वाक्य मला कोणी सुचवलं नव्हतं. त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं आणि मी त्यातून निसटलो.

"वाटलंच मला," सर म्हणाले. आणि थांबून, "तुझं मशीन मी बिघडवलं. तुला उगाच त्रास."

कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी म्हणून मी घरी आणला. टोपण काढून सहासष्टवर लावलं, डिस्क पुसून सगळं नव्याने घातलं. तीन दिवस अखंड चालवला. निळा पडदा एकदाही आला नाही. परत नेऊन दिला तेव्हा सांगितलं, सर, आता बिनधास्त वापरा, परत सुरुवात करा. माझी खरोखर तीच इच्छा होती. भाऊ आतल्या खोलीत होते, बोलत होते, त्यांना अजून सगळं आठवत होतं. चार महिन्यांचं काम पुन्हा चार महिन्यांत झालं असतं. असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या घरी जायचं टाळू लागलो. फोन आला तर आईला सांगायचो, बाहेर गेलाय म्हण.

उपवासकाळ संपता संपता, ईस्टरच्या आठवडाभर आधी, भाऊ गेले. मी दफनविधीला गेलो. जाणं भागच होतं. सरांनी माझा हात हातात घेतला, म्हणजे मीच तो धरला, आणि मी विचारलं, "किती जागा झाल्या होत्या, सर?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, दुःखात आहेत.

त्यानंतर सात वर्षं गेली. मी त्या धंद्यातून बाहेर पडून एका कंपनीत नोकरीला लागलो, लग्न झालं. बीएक्सचा तो बोर्ड माझ्याकडे दीड वर्ष होता, मग आणखी चांगला आला म्हणून विकून टाकला. सरांबद्दल अधूनमधून कानावर यायचं. रविवारी चर्चच्या मिस्सात बायबलचं वाचन करायचे ते त्यांनी सोडलं होतं. पतपेढीच्या समितीतून नाव काढून घेतलं होतं, म्हणे माझ्या हातून चुका होतात. मी ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, वय झालं.

मग एक दिवस आंटींचा फोन आला. सरांचं आता सगळं बसल्या जागी करावं लागतं, खोलीत पलंग वर-खाली होणारा आणायचाय, तर ते टेबल आणि कॉम्प्युटर घेऊन जाशील का. रविवारी सकाळी गेलो. आंटींनी क्रोशाचं कापड उचललं. खाली कॉम्प्युटर जसाच्या तसा, कीबोर्डवर टॉवेलची गुंडाळी. सर खुर्चीत होते. आता दोन्ही हात हलत होते आणि मानही. आवाज अगदी लहान झाला होता, पण मला ओळखलं. म्हणाले, "ये बाबा. अक्षर सुधारलं का?"

मी खाली बसलो, वायरी काढायला लागलो, आणि काढता काढता सांगायला सुरुवात केली. त्यांच्याकडे न बघता सगळं सांगितलं. बीएक्सचा एकच होता तो मी ठेवला, तुम्हाला दुसरा दिला, वर त्र्याऐंशीवर लावला, त्यानेच डिस्क बिघडली, मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी माहीत होतं. आंटी दारात उभ्या होत्या. त्यांना चिपसेट कळला नसेल, पण बाकीचं कळलं.

सरांनी मांडीवरच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे हाताचं नव्हतं ते."

"नाही सर. हाताचा काहीही संबंध नव्हता."

"तवाच बोलला असतास तं," आंटी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, नुसतं म्हणाल्या. "मानूस जित्ता होता तवा."

मी वर बघितलं. विचारलं, "पण सर, तुम्ही परत सुरू केलं होतं ना? कॉम्प्युटर तर चांगला चालत होता."

त्यांनी मान हलवली. ती हलतच होती, पण ही वेगळी होती. ते हळूहळू, मध्ये थांबत बोलले, म्हणून मी जवळ सरकलो. "दादाला परत विचारायचं म्हणजे गेलं हे सांगावं लागलं असतं. माझ्या हाताने गेलं हे सांगावं लागलं असतं. त्याने चार महिने जीव काढून सांगितलेलं. मला लाज वाटली."

"मग ते जाईपर्यंतच्या अडीच महिन्यांत?"

"तो रोज नवीन जागा सांगायचा. मग विचारायचा, लिवलंस का. मी हो म्हणायचो." सरांनी टेबलाकडे बघितलं. "चालू करायची भीती वाटायची मला, परत काही बिघडवीन म्हणून. म्हणून बंदच ठेवायचो. दुपारी इथे बसून नुसती बटणं वाजवायचो. त्याला आत ऐकू जावं, एवढ्यासाठीच."